तिने हात वर केला

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, अकोले तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरच्या गोल्फ रिसॉर्टवर, शेवगावकडचा एक माणूस आपल्या मुलीला काम सोडवून घरी न्यायला आला. मुलगी पाहुण्यांना मैदान दाखवणारी बॅटरीची गाडी चालवायची. तिची सकाळची एक फेरी बाकी होती. मी तिथे मुक्कामाला होतो आणि त्या फेरीत एकटाच पाहुणा होतो, म्हणून तो माझ्या शेजारी बसला. एका हाताने टोपी धरलेली, दुसऱ्याने गाडीची दांडी.

“पोरगी परक्या मान्सांना फिरवती, म्हनून गावात नावं ठेवत्यात,” तो मला म्हणाला.

“सर, नीट धरून बसा,” मुलगी पुढून म्हणाली.

“सर? बापाला?”

“ड्युटीवर समदे सरच, आबा.”

उतारावर तिने गाडी थांबवून हात वर केला. पुढे एक जण चेंडू मारायला उभा होता. अशा वेळी कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही, असा तिथला नियम. मागून येणाऱ्या दोन गाड्याही थांबल्या. त्यांतला फोनवर मोठ्याने बोलणारा एक पाहुणा गप्प झाला. आबांनीही श्वास रोखला. चेंडू दरीच्या कडेपर्यंत गेला. तिने हात खाली घेतला, तेव्हा सगळे हलले.

“घरी हिनं हात केला तर कोन थांबतंय?” ते हळूच म्हणाले.

फेरी संपल्यावर मुलगी म्हणाली, “कपडे बदलून येते.”

त्यांनी तिच्या गणवेशाच्या बाहीवरचे गवताचे पाते काढले. “ऱ्हाऊ दे. दुपारच्या फेरीला कोन जाईल?”

दोघे कॅन्टीनमध्ये जेवले. दुपारच्या जीपने आबा एकटेच खाली उतरले.