बोट किनाऱ्याला लागेपर्यंत

भाषांतराच्या कामात परवा 'ग्राइप' हा इंग्रजी शब्द आला. अर्थ कुरकुर करणं, रडगाणं गाणं. लहानपणी पोट दुखलं की आई ग्राइप वॉटर पाजायची, ते आठवलं म्हणून शब्दकोश उघडला. मूळ अर्थ घट्ट पकडणं. मग आतड्याला पीळ पडून येणारी कळ. तक्रार हा अर्थ त्या मानाने फार अलीकडचा. आधी पकड, मग कळ, आणि शेवटी कुठे तोंडातून शब्द. एवढं वाचलं आणि पुढचं काम त्या दिवशी काही झालं नाही.

पाचूबंदरच्या आमच्या घरात एक रीत होती. बाबा बोट घेऊन दर्यावर गेले की मागे कुणी रडायचं नाही, भांडायचं नाही, दुखलंखुपलं बोलायचं नाही. घरातलं रडणं म्हणे बोटीला लागतं. मी तेव्हा कॉलेजात होते, असल्या गोष्टींना नाक मुरडायचे. आई मात्र ते कसोशीने पाळायची.

त्या खेपेला बोट गेली आणि आईचं जेवण तुटलं. विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो, पित्त झालाय." पोटाशी उशी धरून बसायची, ओवा चघळायची आणि तशीच उठून सुकट विकायला बाजारात जायची. डॉक्टरचं नाव काढलं की हातानेच मला गप्प करायची.

बोट आली तेव्हा आम्ही दोघी बंदरावर होतो. बाबा पाण्यात उतरून धडधाकट चालत आले. ते अगदी समोर आल्यावर आई वाळूत बसली आणि म्हणाली, "आता सांगते. पोटात लय दुखतंय."

अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं. दवाखान्यातून आई घरी आली नाही. मला आजही राग येतो. त्या रीतीचा येतो, दर्याचा येतो, आणि तिच्या निमूटपणाचा सगळ्यांत जास्त.

बाबांनी बोट विकली. आता ते माझ्याकडे फुलपाड्याला असतात. लिफ्ट बंद पडो की पाणी जावो, त्यांची कशाबद्दल तक्रार नसते.

परवा शब्दकोश मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरता चिरता डोळे पुसत राहिले. बाबा दारात येऊन उभे राहिले. काय झालं, म्हणाले.

"काही नाही, पित्त झालंय," माझ्या तोंडून आपसूक गेलं.

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या हातातली सुरी काढून त्यांनी बाजूला ठेवली.

"बोल, बाय," ते म्हणाले. "आता आपला कोनी दर्यावर नाय."