सत्तेचाळीस नंबरचा चोर

कारखान्याच्या भांडारात नोकरीभर बसलेल्या माणसाचा माणसांवर विश्वास राहत नाही. सामानावर राहतो, तोही मोजून घेतल्यावर. या निवृत्त स्टोअरकीपरना कारखान्यात 'कुलूपकाका' म्हणत, आणि ते या नावाला कौतुक समजत. बिल्ला नंबर सत्तेचाळीस. जी वस्तू आपली, तिच्यावर सत्तेचाळीस रंगवायचा, ही त्यांची रीत: ट्रंक, छत्री, शिडी, सायकल. बायको तेवढी सुटली होती.

घरात इंटरनेट आलं तेव्हा राउटर प्रत्येक यंत्राला आपणहून पत्त्याचा आकडा वाटतो, हे ऐकून ते अस्वस्थ झाले. "कुणाला न विचारता?" त्यांनी संगणकाचा आकडा स्वतः बसवून पक्का केला. कोणता, ते सांगायला नको.

मग वरच्या खोलीत एक नर्स भाड्याने आली. वेळी-अवेळी जाणारी-येणारी बाई, म्हणून काकांनी जिन्यावर कॅमेरा लावला. त्याच आठवड्यात संगणकावर सूचना झळकली: याच पत्त्याचं दुसरं यंत्र नेटवर्कवर आहे, एका पत्त्यावर दोन यंत्रं चालत नाहीत. इंटरनेट गेलं. आलं. पुन्हा गेलं.

"माझा नंबर कुणीतरी वापरतंय."

"तुमचा नंबर कुणाला हवाय?" भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या.

"वरचीला."

"अहो, ती पोर रोज येऊन माझ्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधते. तेही फुकट."

"फुकट! तेच म्हणतोय मी."

काकांनी नर्सला रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितली. ती "बरं" म्हणाली. भांडली नाही, याचा अर्थ गुन्हा कबूल, असं काकांनी मनाशी नोंदवलं. काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलायचं ठरवलं. "माझा पाय आता तुमचा कॅमेरा बघेल का?" हे त्यांचं शेवटचं लांब वाक्य.

काकांनी वायफायचा पासवर्ड बदलला. इतका लांब ठेवला, की त्यांनाही तो दोन दमांत आठवे. काकूंनाही सांगितला नाही. त्यामुळे काकूंचा फोन मुका झाला. आता चोराची वाट बंद.

सूचना पुन्हा आली.

काकांनी संशयितांची उजळणी केली. नवा पासवर्ड माहीत असलेला माणूस एकच निघाला आणि तो सोयीचा नव्हता.

मग त्यांनी भांडारातला शेवटचा उपाय काढला: सगळा माल बाहेर, मग एकेक नग आत. सगळी यंत्रं बंद केली. एकटा संगणक लावला, शांतता. टीव्ही लावला, शांतता. काकूंच्या फोनमध्ये नाइलाजाने पासवर्ड घातला, तोही निर्दोष. शेवटी कॅमेऱ्याची वायर राउटरला जोडली, आणि सूचना हजर. कॅमेरा वायरवरचा. त्याने पासवर्ड कधी मागितलाच नव्हता. काकांनी त्याची सेटिंग उघडली. पत्त्याच्या शेवटी सत्तेचाळीस. आपली वस्तू म्हणून त्यांनी स्वतःच घातलेला.

काकांनी संगणक आणि कॅमेरा, दोन्हींचे आकडे पुसून वाटपाचं काम राउटरकडे सोपवलं. राउटरची सेटिंग उघडायचा पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच, त्याच्या पोटावर छापलेला होता. घरभर पहारा देताना एवढंच दार उघडं राहिलं होतं; तो पासवर्डही बदलला. मग शिडी घेऊन गेले, कॅमेरा उतरवला आणि वर जाऊन नर्सचं दार वाजवलं. दाराशी बॅग भरलेली.

"खोली मिळाली?"

"मिळाली काका. तिथे जिन्यावर कॅमेरा नाही."

"इथेही नाही." काकांनी हातातला कॅमेरा दाखवला. वायर लोंबत होती.

"चोर सापडला वाटतं?"

"सापडला."

"कोण?"

काका कॅमेऱ्यावरची धूळ पुसत राहिले. "घरातलाच आहे. जुना."

"मग त्यालाही रविवारपर्यंत मुदत द्या."

काकांनी लोंबणारी वायर कॅमेऱ्याभोवती गुंडाळली. "तुम्ही जाऊ नका," एवढंच म्हणाले. ती "बघते" म्हणाली.

संध्याकाळी ती खाली आली, काकूंची पट्टी बदलली, चहा घेतला. रविवार आला तसा गेला. बॅग मात्र तिने उघडली नाही; दाराशीच ठेवली, जिना चढणाऱ्या काकांना नीट दिसेल अशी.