औशाकडचं देऊळ आणि सात तुळया

दुष्काळात विहिरी आटतात, पण किस्से मात्र साचत जातात. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा औशाकडच्या एका गावात पडक्या हेमाडपंती देवळाच्या दुरुस्तीचं दुष्काळी काम निघालं. मी तिथे हजेरी कारकून. दामले साहेब पुण्याचे, नवेकोरे इंजिनिअर. आणि मजूर बायांची मुकादम सुंदरामावशी. तिच्याशी बोलताना साहेबसुद्धा चहाचा कप खाली ठेवायचे.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना बसवून लेक्चर दिलं. चुना नाही, सिमेंट नाही, मशीन नाही, तरी जुन्या लोकांनी एवढ्या दगडी तुळया खांबांवर चढवल्या कशा? मोठमोठ्या विद्वानांनाही कोडं आहे म्हणे.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायब, त्यांची हजेरी रोज लागायची का आठवड्याला?"

*

पुजाऱ्याला मात्र कोडंबिडं काही नव्हतं. तो म्हणायचा, पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं.

मावशीला ते अजिबात पटलं नाही. "एका रात्रीत? मग दुसऱ्या दिवशी गावानं खाल्लं काय?"

*

साहेबांनी एका तुळईचं वजन काढलं. दोन पानं आकडेमोड झाली. मग चष्मा पुसत म्हणाले, "चाळीस माणसांना ही हलणार नाही."

"आमी एकेचाळीस हाव," मावशी म्हणाली.

*

तुळया पडल्या होत्या सात. शेवटी साहेबांनी लातूरहून क्रेन आणायचं ठरवलं. क्रेन आली की दोन दिवसांत काम खलास, हजेरी बंद, एकेचाळीस घरांच्या चुली बंद. पावसाचा पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटलं. साहेबांबरोबर क्रेन आणायला जीपमध्ये बसण्याआधी मी मावशीला हे हळूच सांगून टाकलं.

ती एवढंच म्हणाली, "किती दिस लागतील तुमाला?"

लागले चार. जिल्हा नवा झाला होता, पण सहीचा शिक्का अजून जुन्याच जिल्ह्यात होता.

पाचव्या दिवशी क्रेन घेऊन पोचलो, तर एक तुळई खांबांवर बसलेली. खाली मातीचा ढीग नाही, लाकूड नाही, दोर नाही. आवार झाडून लख्ख. बाया सावलीत भाकरी खात होत्या.

साहेबांनी तुळईभोवती तीन चकरा मारल्या. "मावशी, ही वर गेली कशी?"

"नीट बसली न्हाई का? लेव्हल लावून बघा की."

साहेब शिडीवर चढले, लेव्हल लावली. बुडबुडा बरोबर मध्ये. खाली उतरले आणि क्रेनवाल्याला परत जायला सांगितलं.

मग वही उघडून म्हणाले, "बाकीच्या सहा किती दिवसांत होतील? मला वर लिहून द्यावं लागेल."

मावशीनं कपाळावर हात धरून आभाळाकडे पाहिलं. "ते पावसाला इचारा, सायब."