बोटांमधल्या जागा

फुलवाल्या मावशींनी निशिगंधाच्या टोपलीला पुठ्ठा अडकवला होता, त्यावर १२३ लिहिलेलं. घरी येऊन मोजल्या तर दांड्या त्र्याऐंशीच. माझ्या मनात संशय कायम जागाच असतो. तसाच तरातरा परत गेलो. "मावशी, चाळीस कुठं गेल्या?"

त्यांनी पंजे फाकवून पुढे केले. फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. "दादा, मी बोटं नाही मोजत. फटीत एकेक दांडी धरते. दोन्ही हातांच्या फटी आठ, म्हणून आठांची जुडी. आठ जुड्यांचा भारा. एक भारा, दोन जुड्या, वर तीन सुट्या. लावा हिशेब."

लावला. चौसष्ट, सोळा, तीन. त्र्याऐंशीच! तरी वाटलं, यात काहीतरी लबाडी असणार. जन्मभर मी बोटांवर विसंबलो. बोटांमधल्या जागाही मोजता येतात, हे मान्य करायला जीभ वळेना. आठांचे तर अर्धे, पाव करत थेट एकापर्यंत जाता येतं. माझे दहा पाचापाशीच अडतात.

आता मी गेलो की मावशी पुठ्ठा उलटा करतात. एकेक दांडी माझ्या हातात ठेवत मोठ्यानं दहापर्यंत मोजतात, आणि दर दांडीला माझ्या तोंडाकडे बघतात.