तपासून घेतलेलं ऊन

सोलापूर जिल्ह्यात आजवर जेवढा संशय पिकला असेल, त्यातलं निम्मं पीक माझ्या थोरल्या साडूंनी एकट्याने काढलं असावं. अण्णा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. उभी हयात त्यांनी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात काढली. तिथं काम काय, तर मागावरून उतरलेली चादर उजेडात धरायची आणि तुटका धागा शोधायचा. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. मी मुलगी बघायला गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात हे गृहस्थ माझ्या शाळेत येऊन, वर्गाच्या खिडकीबाहेर तासभर उभे राहून, मी खरोखरच शिकवतो की नुसता फळा भरतो हे पाहून गेले होते. गिरणीत दळण घेऊन गेले की आधी मूठभर ज्वारी दळून घेतात आणि ते पीठ टाकून देतात; आधीच्या माणसाची बाजरी आपल्या पोटात कशापायी, असं त्यांचं म्हणणं. हल्ली फोनवर फसवाफसवी वाढल्यापासून तर मीही ओळख पटवल्याशिवाय त्यांच्याशी बोलू शकत नाही. "तुमीच कशावरनं?" असं विचारून ते लगेच पुढचा प्रश्न टाकतात, "तुमच्या लग्नात माजी चप्पल कुणी नेलती?" "मला काय माहीत, अण्णा!" असं मी वैतागून म्हटलं की त्यांचा आवाज निवळतो. "व्हय, तुमीच. भामटा असता तर कुणाचं तर नाव घेतलं असतं की."

अशा माणसाने सूर्यावर चालणारी वीज घ्यायचं ठरवलं, याला कारण अक्का. नोकरीनंतर दोघं होटगीच्या पुढं शेतात दोन खोल्या बांधून राहायला गेले. वर पत्रा. आमच्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन ज्याने पत्र्याखाली काढलंय त्याला जास्त सांगायला नको, आणि ज्याने काढलेलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. त्यात शेतातली वीज दुपारी जायची ती दिवेलागणीलाच यायची. तीन उन्हाळे अक्काने ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काढले. चौथ्या वर्षी पाडवा झाला आणि तिने पिशवी भरली. "दुपारी पंखा फिरायला लागला की कळवा, येते," एवढं सांगून ती पुण्याला लेकीकडे निघून गेली.

अण्णांना हे कारण पटलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. पंधरा दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, खरंच उकाड्यापायी गेली आसंल का वो? का माज्यापायी?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, कारण मला खरं कारण ठाऊक होतं. अक्काने ते फोनवर माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोने मला. "उकाडा सोसला असता गं," अक्का म्हणाली होती, "पर बाजारातनं यायला उशीर का झाला, कुणाशी बोललीस, डब्यातली साखर कशी संपली, रोज रोज किती जाब द्यायचा? मी काय चादर हाय व्हय, उजेडात धरून बघायला?" थोडक्यात, पंखा फिरला तरी अक्का परत येईलच याची खात्री मलाही नव्हती. पण अण्णांच्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्यांनी मनावर घेतलं.

आधी त्यांनी ऊन तपासलं. आठ दिवस अंगणात एक काठी रोवून तिची सावली कुठून कुठं सरकते, लिंबाच्या झाडाची सावली पत्र्यावर केव्हा येते आणि केव्हा जाते, हे नातवाच्या जुन्या वहीत टिपून ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, सोलापुरात उन्हाला काय तोटा?" तर म्हणाले, "दिसतंय लई. पत्र्यावर किती पडतंय ते बघाय नको?" मग बाजार. मला प्रत्येक वेळी साक्षीला नेलं. सगळं घरच चालवून देतो म्हणणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी बिचाऱ्याचं वाक्य संपायच्या आत नमस्कार केला. शेवटी एका बाईंच्या दुकानात आमचा मुक्काम पडला. या बाई मुळातल्या विणकराच्या घरातल्या, बोलायला फटकळ, हिशेबी आणि कामाला पक्क्या. अण्णांनी तिथं वायर घेतली ती टोक खरवडून, आत तांबंच आहे ना हे बघून. बॅटरी घेतली ती सोबत नेलेल्या ताणकाट्याला टांगून. जड बॅटरीत शिसं जास्त, हलकी असली की समजावं पोकळ. पॅनल तर त्यांनी दुकानाबाहेर रस्त्यावर उन्हात मांडायला लावलं आणि घरून आणलेला बल्ब त्याला जोडून पाहिला. रस्त्यावर गर्दी जमली. बाई मला हळूच म्हणाल्या, "सगळी गिऱ्हाइकं अशी आली तर मला दुकान बंद करावं लागेल हो. पण बघतायत ते सगळं बरोबर बघतायत." मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही, बॅटरीवर थेट चालणारा पंखा आणि दोन दिवे पुरेत, हेही बाईंनीच सुचवलं. त्यांना स्वतःचा तोटा होणारा सल्ला देताना पाहून अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते.

दोन पॅनल, एक बॅटरी, एक कंट्रोलर आणि एक पंखा एवढा संसार अण्णांनी स्वतःच्या हाताने पत्र्यावर आणि घरात मांडला. बसवणारा माणूस आणला असता तर तो पुढं कधी काय उचलून नेईल याचा नेम नव्हता. बॅटरीच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडून वर कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. पंखा फिरला. चार दिवस असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून खिळ्यावरून खाली आलं. मी म्हटलं, "अण्णा, आता अक्काला फोन करा." ते म्हणाले, "आट दिवस बघू या. ती यायची आन ह्यो बंद पडायचा."

आणि झालंही तसंच. पाचव्या दिवसापासून पंखा दुपारी दोनलाच दमायला लागला. सहाव्या दिवशी बारालाच. मग अण्णांच्या संशयाला जो बहर आला, तसा मी जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी आतून जुनी बॅटरी भरून दिली. भावकीतल्या कुणीतरी वायरीला आकडा टाकलाय. कावळे पॅनलवर बसतात, ते कुणीतरी दाणे टाकून बसवतंय. एके दिवशी मी सहज विचारलं की बॅटरीत पाणी घातलंत का, तर त्यांनी मलाच धरलं. "तुमाला बॅटरीचं आतलं कसं म्हाईत?" अक्काचा त्या आठवड्यात दोनदा फोन आला. दोन्ही वेळा अण्णांनी पिकाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, पंख्याचं काही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर तोंड उतरलेलं असायचं, आणि खरं सांगतो, मला त्यांची फार दया यायची.

शेवटी त्यांनी बाईंना फोन करून वाट्टेल ते सुनावलं. बाई तशाच स्कूटरवर बसून, मला चौकातून मागे घेऊन, होटगीपर्यंत आल्या. बॅटरी पाहिली, वायर पाहिली. मग पदर खोचून शिडीवर चढल्या आणि वरूनच ओरडल्या, "अण्णा, हे काय करून ठेवलंत हो?"

मीही चढलो. मी दर वेळी उत्तरेकडच्या वाटेने यायचो, पॅनल दक्षिणेला तोंड करून, त्यामुळे मला खालून कधी दिसलंच नव्हतं. दोन्ही पॅनलच्या काचांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या ऑइलपेंटने, हातभर उंचीच्या अक्षरांत अक्काचं अख्खं नाव होतं. 'सौ.'पासून आडनावापर्यंत. अक्षर सुरेख, शिरोरेषा चार बोटं जाड आणि ओळंबा लावल्यासारखी सरळ.

"भांड्यावर नाव घालत न्हाय व्हय आपण?" अण्णा खालून म्हणाले. "पंखा चालतोय म्हनल्यावर चौथ्या दिशी घातलं. नाव घातलेली घागर कोन पळवंल? इकाय गेला तर धरला जाईल."

"पण अक्काचं का?" मी विचारलं.

"शेताच्या उताऱ्यावर चार चुलत भावांची नावं हायत. माजं नाव घातलं तर उद्या म्हनतील, सामायिक हाय. तिचं म्हनल्यावर कुनाला हात लावता येत न्हाय. ते तिचंच हाय की. तिच्यासाटीच केलंय."

तोवर हसत असलेल्या बाई थांबल्या. मग त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं की या काचेखालच्या चौकोनांची एक ओळ असते आणि त्यातल्या एकावर सावली पडली तरी सगळी ओळ बसते. माळेतला एक दिवा गेला की माळ विझते तसं. इथं तर शिरोरेषेने ओळीच्या ओळी झाकल्या होत्या. "चोर नाही, भावकी नाही, कावळे नाहीत," त्या म्हणाल्या. "ऊन तुम्हीच अडवलंत, अण्णा."

अण्णांनी त्यावर उलट प्रश्न केला नाही. आम्ही खाली उतरल्यावर टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन ते शिडी चढले आणि एकेक अक्षर पुसायला लागले. आडनाव गेलं, नाव गेलं. 'सौ.'पाशी आल्यावर त्यांचा हात जरा थांबला. बाई खालून म्हणाल्या, "पॅनलच्या पाठीमागं घाला की परत. तिथं ऊन लागत नाही." तेव्हा कुठं तेवढं पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पंखा संध्याकाळपर्यंत फिरला. अण्णांनी माझ्यासमोरच, स्पीकरवर, पुण्याला फोन लावला, आणि आठ दिवस थांबले नाहीत. पंखा कसा बंद पडला होता, का पडला होता, सगळं सांगितलं. "माजीच चूक झाली," हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी ऐकले. पलीकडून अक्काने विचारलं, "माजं नाव? माजं कशाला घातलंसा?" अण्णांनी उताऱ्याचं कारण सांगितलं. मग ती तिच्या माहेरच्या कानडीत म्हणाली, "नाळि बर्तीनि." उद्या येते.

अक्का आली, जेवली आणि भर दुपारी पंख्याखाली खाटेवर आडवी झाली ती पाच मिनिटांत घोरायला लागली. अण्णा आणि मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो. ऊन रणरणत होतं. ते उंबऱ्यातून आत बघत होते. मी म्हटलं, "तुम्हीही जा की आत, पडा जरा." ते हलले नाहीत. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, "पाव्हणं, उकाड्यापायीच गेलती न्हवं?"

माझ्या डोळ्यांसमोर ती चादर आली, अक्काने म्हटलेली. अण्णांशी खोटं बोलायचं धाडस आमच्या नात्यात कुणी करत नाही, कारण पुढच्या तीन प्रश्नांत माणूस उघडा पडतो.

"हो अण्णा," मी म्हणालो. "उकाड्यामुळेच. दुसरं काय असणार?"

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. कशावरनं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. अण्णा तोंड उघडणार असं वाटलं, पण त्यांनी नुसती मान हलवली, धोतराचा सोगा सावरला आणि पाय न वाजवता आत गेले. खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवरच, त्यांनी अंग टाकलं. पंख्याचा वारा तिथवर पोचत होता की नाही, हे काही त्यांनी तपासलं नाही.

मी मग तसाच उठून होटगीच्या रस्त्याला लागलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाले अण्णा? मी म्हटलं, काही नाही, झोपलेत दोघं.