चौकशीला आलेला माणूस

मी कथा लिहितो हे बदनापुरात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्या वाचलेल्या नाहीत. शाळेत गणित शिकवतो आणि सुट्ट्यांमध्ये एका गुप्तहेराच्या कथा लिहितो. दिवाळी अंकात वर्षाला एखादी छापून येते. मागची मात्र संपादकबाईंनी परत केली. फोनवर त्या म्हणाल्या, तुमचा गुप्तहेर एका खेड्यात चार दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिंडतो आणि एकही माणूस त्याला 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नाही, हे काही मला पटत नाही. आजच्या काळात चारचौघांत बसून माणूस लपतो कसा, ते आधी दाखवा.

मला राग आला. बाईंचं बरोबर आहे असं बायको म्हणाली तेव्हा जास्तच आला. त्या रागातच मी ठरवलं की आपण स्वतःच करून बघू. वडीगोद्री निवडली, कारण तिथं माझं ना सोयरं ना धायरं. शिवाय हायवेवरचं गाव, रोज शंभर माणसं उतरतात आणि चढतात, त्यात एक मास्तर कुणाच्या लक्षात येणार?

रविवारी सकाळी उतरलो आणि एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात बाकावर बसलो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, एक भट्टी, दोन बाकं. वीस मिनिटांत मालकानं विचारलं, पाहुणे कोणत्या गावचे, कोणाकडं आलात, आडनाव काय. आमच्याकडं हे विचारणं म्हणजे भोचकपणा नव्हे, न विचारणं हा उर्मटपणा. मी घरून एक खोटं घोकून नेलं होतं, ते ऐन वेळी बोलवेना. "असंच, जरा थांबलोय," एवढंच म्हणालो. नजर कुठं ठेवावी कळेना म्हणून समोर पाहिलं, तर समोरच्या निळ्या फाटकातून एक मुलगी स्कूटी बाहेर काढत होती. मालकानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, किंचित हसला आणि पुढचं विचारायचं एकदम थांबला. मग न मागता माझ्यासमोर स्पेशल चहा आला.

काय झालं ते मला अर्धा चहा संपल्यावर कळलं. आमच्या भागात स्थळ पक्कं करण्याआधी मुलाकडचे एखाद्या पोक्त माणसाला मुलीच्या गावी गुपचूप धाडतात. तो घरी जात नाही. हॉटेलात बसतो, न्हाव्याकडं दाढी करतो, किराणा दुकानात बिडीकाडी घेतो आणि कान उघडे ठेवतो. त्याला सगळं गाव ओळखतं आणि ओळखल्याचं कुणीही दाखवत नाही, कारण तशी रीतच आहे. खुद्द मुलीच्या बापालाही कुणीतरी जाऊन सांगतं, तोही मग खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करतो. असा माणूस दिवसभर एखाद्या घराकडं टक लावून बसला तरी त्याला हटकायची कुणाची छाती नाही. शिवाय त्याला काही विचारावं लागत नाही, लोक आपणहून येऊन सांगतात.

माझा गुप्तहेर सापडला होता! मी तेव्हाच मालकाला सांगायला हवं होतं की बाबा रे, मी तो नव्हे. सांगितलं नाही. आजही माझं मलाच ठरवता येत नाही की मी त्या दिवशी खोटं बोललो की नाही. मी तर काहीच बोललो नाही.

मालक कप विसळता विसळता हवेत बोलावं तसं बोलला. समोरची पोरगी एम.एस्सी. झालेली, अंबडला क्लासवर शिकवते, बाप सरळमार्गी. मग पांढरी टोपी घातलेला एक माणूस येऊन माझ्या बाकावर बसला आणि रस्त्याकडं बघत सावकाश म्हणाला, "पोरगी चांगलीच हाय. पण मागं एकदा ठरलेलं मोडलं. कशामुळं ते मला माहीत हाय, पण मी सांगणार न्हाई."

एवढं बोलून तो उठला, रस्ता ओलांडला आणि त्याच निळ्या फाटकातून, कडी न वाजवता, आत गेला. मी मालकाकडं पाहिलं. तो म्हणाला, सख्खा चुलता आहे पोरीचा. चहाचे पैसे मोबाईलवरून दिले आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. पण वाटेत चुलता विसरून गेलो, कारण कथा सुचली होती आणि मी खूश होतो.

तीन आठवड्यांनी शाळेत मधल्या सुट्टीत फोन आला. आवाज तरुण मुलीचा, घाबरलेला आणि चिडलेलाही. हॉटेलवाल्याच्या मोबाईलमधून माझं नाव आणि नंबर काढला म्हणाली. माझ्या कथेतला गुप्तहेर निदान रोख पैसे तरी देतो. तिनं जे सांगितलं ते असं. तिला अंबडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे, दोघं एकमेकांना बघून, भेटून, पसंत करून बसली होती. नुसतं साखरपुड्याचं ठरायचं बाकी होतं. तेवढ्यात मुलाच्या मामाच्या कानावर गेलं की दुसऱ्या कुठल्या तरी घरची चौकशी येऊन गेली. म्हणजे आम्हाला झुलवत ठेवून हे लोक दुसरं घर बघताहेत, असा त्यांनी अर्थ काढला आणि बोलणंच थांबवलं.

"काका, तुम्ही कोणाकडून आल्ते तेवढं सांगा," ती म्हणाली. "मला हेच घर पाहिजे."

मी म्हणालो, कोणाकडूनच नाही.

"कोणाकडूनच न्हाई, मंग दोन तास आमच्या घराकडं कशाला बघून राह्यले होते?"

तेवढ्यात घंटा झाली. घरी येऊन सगळं सांगतो, एवढं म्हणून मी वर्गावर गेलो.

पुढच्या रविवारी माझे दोन दिवाळी अंक आणि आधार कार्ड घेऊन मी वडीगोद्रीला गेलो आणि या खेपेला रीतसर निळ्या फाटकाची कडी वाजवली. मुलीच्या वडिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी गुप्तहेर सांगितला, संपादकबाई सांगितल्या, हॉटेलवाल्याचा गैरसमज सांगितला. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पाहुणे, पसंत नसंल तर नसंल, आमचा राग न्हाई. पण ज्यांनी धाडलं त्यांचं नाव सांगा. तेवढं मिळालं की आम्हाला तिकडं खुलासा करता येईल."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अंक दाखवला, नाव दाखवलं, कार्ड दाखवलं. त्यांनी दोन्ही नावं बोटानं जुळवून पाहिली आणि म्हणाले, एका नावाची दहा माणसं असतात. त्यांच्या मते मी भला माणूस होतो आणि मुलीचं मन दुखवायचं नाही म्हणून एवढी लांबलचक थाप घेऊन आलो होतो. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा सांगताना माझी हकीकत मलाच थाप वाटायला लागली. शाळामास्तर रविवारी वीस कोस जाऊन अनोळखी घरासमोर बसतो, ते म्हणे कथेसाठी! मुलगी दारात उभी राहून अंक चाळत होती. तिचा विश्वास बसला की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. शेवटी वडिलांनी माझा पत्ता आणि शाळेचं नाव एका कागदावर उतरवून घेतलं आणि मुलाकडच्यांना सांगून बघतो म्हणाले.

परत आलो तेव्हा जेवणावरचं मन उडालं होतं. माझ्या एका कथेपायी कुणाचं तरी ठरलेलं लग्न अडलं होतं, आणि मला धड माफीसुद्धा मागता आली नव्हती. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, खरं बोलून आलो, कुणाला पटलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला खोटंसुद्धा बोलता येत न्हाई आणि खरंसुद्धा, करावं काय माणसानं.

त्याच आठवड्यात आमच्या वरच्या खोलीला एकदाचं गिऱ्हाईक आलं. फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी सहा महिने लटकत होती. माणूस साठीचा, बोलायला गोड. मुलाची बदली बदनापुरात होणार, म्हणून खोली बघायला आलो म्हणाला. मी खोली दाखवली, गच्ची दाखवली, पाणी कधी येतं ते सांगितलं. त्यानं चहा घेतला, आणि पुस्तकांच्या कपाटाकडं बघत, वाचायचा बराच नाद दिसतो म्हणाला. मी म्हणालो, वाचायचाच नाही, लिहायचाही आहे. सगळे अंक काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. परत आलेली कथाही दाखवली, बाईंचा फोनही सांगितला. दीड तास तो माझ्याच घरात बसून माझ्याबद्दल ऐकत होता. आजवर एवढ्या आस्थेनं मला कुणी ऐकलं नव्हतं. जाताना भाड्याचं काही बोलला नाही, कळवतो म्हणाला. पुढं गल्लीत शेजाऱ्यांशीही तो बराच वेळ बोलत उभा होता. मी बायकोला म्हणालो, चौकस माणूस आहे, भाडेकरू असा असावा.

दहा दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, जमलं," ते म्हणाले. पाहुणे नव्हे, सर. मुलाच्या मामांनी स्वतः येऊन माझी चौकशी केली होती, आणि सगळं खरं निघालं होतं. मी विचारलं, कधी आले होते? ते म्हणाले, ते खोली बघायला आल्ते ना.

लग्नाला गेलो. गेलो नसतो तर मनाला लागलं असतं. मांडवात पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायचं काम चुलत्याकडं होतं. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "बघा, मी सांगितल्तं ना, पोरगी चांगलीच हाय." त्याला त्याचं पुढचं वाक्य आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि ते मला आठवू नये असं वाटत होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत बघूनही कळलं नाही. पलीकडं मामा उभे होते. त्यांनी लांबूनच हात जोडले. खोलीचा विषय दोघांनीही काढला नाही.

स्टेजवर गेलो. मुलीनं वाकून नमस्कार केला आणि फोटोवाला लेन्स बदलत होता तेवढ्यात हळूच विचारलं, "काका, त्या दिवशी हॉटेलात लोकांनी माझ्याबद्दल काय काय सांगितलं?"

चुलता खाली तिसऱ्या रांगेत टोप्या मोजत होता.

"चांगलंच सांगितलं," मी म्हणालो. "सगळ्यांनीच."

तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "मामासुद्धा हेच म्हणत होते, काका. तुमच्या गल्लीतबी सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं म्हणे."

फोटो निघाला. तो आमच्या कपाटावर आहे, त्यात मी टोपी घालून भलतीकडंच बघतोय. मी तिला 'सगळ्यांनीच' म्हटलं त्यात एक माणूस गाळला होता, ते मला माहीत आहे. तिनं मला 'सगळ्यांनी' म्हटलं त्यात कुणी गाळला होता का, ते माहीत नाही. आमच्या गल्लीत सात घरं आहेत. उजवीकडच्या घरातला माणूस माझ्याबरोबर वीस वर्षं सकाळी फिरायला येतो, समोरच्याकडं माझ्या घराची किल्ली असते, आणि शेवटचं घर माझ्या सख्ख्या भावाचं आहे. वडीगोद्रीत सुचलेली ती कथा मी अजून बाईंना पाठवलेली नाही. संध्याकाळी फाटकात उभा राहतो, सगळे हात करतात, मीही करतो.