शालीचा मानकरी

माझ्या सासूबाईंचं हिंदी एका अमेरिकन इन्स्पेक्टरकडून आलेलं आहे. सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या ब्लॉकमधल्या लखनौच्या बाईंनी लिफ्टमध्ये तब्येतीची चौकशी केली, तर सासूबाई खर्जात सांगतात, "फिलहाल जिंदा हूँ." त्या बाईंना अजून कळलेलं नाही की हसायचं की काळजी करायची.

नव्वदच्या दशकात केबलवर दुपारी या इन्स्पेक्टरची हिंदीत डब केलेली मालिका लागायची. सासरे बोटीवर इंजिनिअर, मुलं हॉस्टेलवर. रत्नागिरीच्या घरात दुपारी माणसाचा आवाज म्हणून जो काही होता, तो या इन्स्पेक्टरचा. जाड, सावकाश, कुणावर न ओरडणारा. सासरे गेले त्या वर्षाबद्दल सासूबाई एवढंच म्हणतात, की सगळे रडत होते आणि तो एकटा नीट बोलत होता.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. आता उजेड आणि सावली यापलीकडे काही दिसत नाही. माझ्या नवऱ्याने, तोही बोटीवरच असतो, जुने हिंदी भाग कुठून तरी मिळवून टॅबवर भरून दिले. रोज जेवणं झाली की आमच्या हॉलमध्ये खुनाचा तपास सुरू होतो.

इन्स्पेक्टरचं काम करणारा नट इथे सिंगापूरला चाहत्यांच्या एका मेळाव्याला येणार असल्याचं माझ्या मुलीने वाचलं. सासूबाई पुढच्या महिन्यात कायमच्या पुण्याला, माझ्या नणंदेकडे, निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, जाण्याआधी त्याला भेटायचंय, आभार मानायचे राहिलेत. एरवी त्या काही मागत नाहीत. मी तिकिटं काढली.

मुलीने त्यांना त्याची सगळी माहिती इंटरनेटवरून वाचून दाखवली. लहान गावातला मुलगा, टायरच्या दुकानात कामाला. नटाच्या धंद्यात उशिरा शिरला आणि कित्येक वर्षं प्रेत, दारवान, तिसरा पोलीस असली कामं केली. केस पांढरे व्हायला लागल्यावर हा इन्स्पेक्टर मिळाला. मालिका गाजली, लग्न मोडलं, दारू वाढली, मग सुटली. मालिका संपल्यावर त्याला दुसरं काही कोणी करू दिलं नाही. इन्स्पेक्टरचा कोट घातल्याशिवाय लोक त्याला ओळखत नसत. आता तो गावोगावच्या मेळाव्यांत टेबल मांडून फोटोंवर सह्या करतो. "म्हणजे हालच," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी सत्कार करायचं ठरवलं. शाल आणि श्रीफळ. आपल्याकडे माणसाचे आभार मानायची दुसरी रीत आहे कुठे?

लिटल इंडियातून मी शेंडीचा नारळ आणला, शाल त्यांच्याकडे होती. व्हीलचेअर, औषधं, पाणी, जास्तीची साडी असं सगळं मी घेतलं. हॉलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने नारळ हातात घेऊन उलटसुलट केला आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, प्रसाद. त्याने सोडलं.

हॉलमध्ये सगळे केस रंगवलेले, तलवारी घेतलेले, आपापल्या आवडत्या पात्रांची सोंगं काढलेले विशीतले लोक. त्याच्या टेबलापुढे मात्र रांग अशी नव्हतीच. निळ्या शर्टातला एक वाळलेला म्हातारा, पुढ्यात स्वतःचे जुने फोटो. सासूबाईंना बघून तो चटकन उठला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि भेटून फार आनंद झाला असं इंग्रजीत म्हणाला.

आवाज पातळ होता. नाकातला, थोडा चिरका.

सासूबाईंनी हात काढून घेतला. गरम भांड्याला बोट लागल्यावर काढतो तसा.

"हा कोण?" त्यांनी मला विचारलं.

"अहो आई, तेच आहेत."

"नाही. हा तो नव्हे."

ती मालिका मी त्यांच्याबरोबर कितीदा ऐकली होती. डब केलेली आहे, हिंदी बोलणारा माणूस मुंबईतल्या कुठल्या तरी स्टुडिओत बसलेला आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी याचा आवाज वेगळा निघेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी जास्तीची साडी घेतली होती.

मी त्यांना खाली वाकून समजावलं. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना. "भाषा वेगळी असणार हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आवाजच दुसऱ्याचा असेल, हे कोण सांगणार?"

तो विचारत होता, काही चुकलं का? मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार होते. पण सासूबाई म्हणाल्या, "त्यांना नीट सांग. चेहरा तुमचा होता आणि आवाज त्याचा. आणि चेहरा मला आता दिसत नाही."

मी सांगितलं, जसंच्या तसं. सांगताना माझे कान तापले.

तो खुर्चीत बसला. जर्मनीत माझा आवाज करणाऱ्याला मी भेटलोय, म्हणाला, भारतातला कोण आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. मग त्याने विचारलं, तो कसा बोलतो? सासूबाईंनी मान ताठ केली आणि इन्स्पेक्टरचं एक अख्खं भाषण त्याच खर्जात, त्याच सावकाशीने म्हणून दाखवलं. तो स्वतःच्याच फोटोंकडे बघत ऐकत राहिला.

"माझ्यापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला. हसला नाही.

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी ते नाकारलं नाही. सौजन्य म्हणूनसुद्धा नाही.

मी पिशवीतून सत्काराचं सामान काढलं, तर त्यांनी शालीवर हात ठेवला. "नारळ यांना दे. यांनी पण कष्ट केलेत. शाल राहू दे." एवढ्या वर्षांत मी अर्धा सत्कार पाहिला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि फोटोंच्या मधोमध ठेवला. आम्ही निघालो तेव्हा एक तलवारवाला त्याला विचारत होता, हे कुठल्या सीनमधलं?

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सासूबाई शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बेडोक आल्यावर म्हणाल्या, "मुंबईचा असेल ना तो? शोध."

त्या पुण्याला गेल्या, शालही गेली. मी शोधते आहे. मालिकेच्या शेवटी हिंदीवाल्यांची नावंच नाहीत. चॅनल कधीच बंद झालं. शेवटी डबिंगच्या धंद्यातल्या एका बाईंशी फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, नाव आठवत नाही, पण या इन्स्पेक्टरला दोघांनी आवाज दिला होता. पहिला मधेच सोडून गेला. हे आता सासूबाईंना कोणी सांगायचं?

मीच सांगितलं, रविवारच्या फोनवर.

"मधे त्याचा घसा बसला होता खरा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सर्दी." मग म्हणाल्या, "तू दोघांना शोध. मी अजून एक शाल घेऊन ठेवते."